घोड्याच्या छातीचा घेर

दाएंग कानांगने शिवणकामाची टेप घोड्याच्या पोटाखालून पलीकडे टाकली, वाकून तिचं टोक धरलं आणि पुढच्या पायांच्या लगेच मागून, जिथे तळहात ठेवला की काळजाचे ठोके लागतात तिथून, छातीभोवती वेढा दिला. घोड्याने कातडी थरथरवली. उंच खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत जमलेली माणसं हसली.

"विहीणबाई, सदरा शिवताय काय त्याला?" दाएंग तोम्पो म्हणाला. गावात वयाच्या माणसांच्या नावाआधी आदरानं दाएंग लावत.

तोम्पोने नुकताच तो घोडा तोलोच्या बाजारातून आणून तिच्या घराखालच्या खांबाला बांधला होता. पुतण्याच्या, साहरुलच्या लग्नात नवरीकडच्या जेवणात कापण्यासाठी. लाखी रंगाचा, कोवळ्या वयाचा, मान ताठ धरणारा घोडा. तोम्पोचा जन्म घोड्यांच्या खरेदी-विक्रीत गेलेला. बाजारात तो जनावराभोवती एक फेरी मारायचा, पुठ्ठ्यावर थाप द्यायचा आणि वजन सांगायचा. खाटीक त्याच्या शब्दावर सौदा करायचे. इथेही त्याने फेरी मारली होती, थाप दिली होती आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "आताच दोनशे किलोच्या वर आहे. आणि लग्नाच्या दिवशी दोनशे वीस भरेल. एक किलो कमी भरला तर माझं नाव बदला!"

तो आवाजच कानांगला खटकला होता. जनावर घरात द्यायचं, तर आकडा रस्त्याला कशाला सांगायचा? उद्या पंगतीत मांस कमी पडलं की लोक तोम्पोचं नाव बदलणार नव्हते. नवरीच्या घरात घोडा कसा आटला, एवढंच विचारणार होते. म्हणून ती वर जाऊन मशीनवरची टेप घेऊन आली होती.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी घेतली, तीही सेंटिमीटरमध्ये. "एकशे एकवीस. जुमरिया, किती होतात?"

तिची मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. बाप टांगा चालवायचा तेव्हा घोड्याला जंताचं औषध वजनावर द्यावं लागे, आणि पशुदवाखान्यातल्या माणसाने त्याला ही रीत शिकवली होती. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने, आणि बारा हजारांहून जरा कमी अशा एका आकड्याने भागायचं. बापाला रीत पाठ होती. गुणाकार मात्र तेव्हापासून जुमरियाच करायची. तिचे ओठ हलले.

"दोनशे. थोडे कमीच."

"पोरगी हिशेबाला चोख आहे," तोम्पो हसत म्हणाला. "पण विहीणबाई, घोडा म्हणजे कापड नव्हे. मला दाढी फुटली नव्हती तेव्हापासून मी डोळ्यांनी घोडे तोलतोय. कोंडा मी पाठवीन, मका मी पाठवीन. तुम्ही फक्त खाऊ घाला. लग्नापर्यंत भोपळा होईल त्याचा."

लग्न रमजानच्या, उपासाच्या महिन्याआधी उरकायचं होतं. साहरुल समुद्रापलीकडे कलिमंतानला पामतेलाच्या मळ्यावर काम करत होता. उपास लागायच्या आत त्याची सुट्टी संपणार होती, आणि मग तो बायकोला घेऊन बोटीत बसणार होता. तो तिथेच होता, मोटारसायकलवर एक पाय टेकून. त्याने घोड्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि जाताना कानांगला वाकून नमस्कार केला. मुलात खोट काढावी असं काही तिला दिसलं नव्हतं. नवरा गेल्यानंतर दोघी बायकांच्या घराला तोम्पोसारख्या माणसाने स्वतःहून मागणी घातली होती, आणि भावकीतल्या सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं होतं.

पहिल्या शुक्रवारी तिने टेप लावली. एकशे चाळीस. पुढच्या शुक्रवारी एकशे एकोणचाळीस. तिने टेपच मशीनच्या लोखंडी पट्टीवर ताणून तपासली, ढिली पडली असेल म्हणून. टेप ठीक होती. त्यानंतरच्या शुक्रवारी एकशे अडतीस.

घोडा खात होता. सकाळी ती स्वतः घमेल्यात कोंडा कालवायची, वर मक्याची भरड टाकायची, आणि लाकडी जमिनीच्या फटींमधून खालून येणारा त्याच्या चघळण्याचा आवाज ऐकत मशीन चालवायची. रात्रीही खायचा. मग जायचं कुठे?

आधी तिचा संशय घोड्यावरच गेला. तोम्पोने पोटातला रोगट घोडा तर गळ्यात मारला नाही? तिने त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, गुलाबी होत्या. शेण काठीने पसरून पाहिलं. जंत नव्हते. मग संशय पोत्यांवर गेला. तोम्पोचा माणूस पोती आणून जिन्याखाली ठेवायचा. पोत्याचं तोंड ज्या टाक्याने शिवलेलं यायचं, तो तिने नीट पाहून ठेवला. टाका कुणी उसवून पुन्हा घातला असता, तर तिच्या डोळ्यांतून सुटला नसता. टाके जागेवर होते.

मग तिची नजर कुंपणापलीकडे गेली.

कुंपणापलीकडे दाएंग सिजा राहायचा, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. बायको नाही, मूल नाही. ताडाच्या झाडांवर चढून रस काढायचा आणि गूळ करायचा. बुधवारी आणि शनिवारी कानांग बाजारात मशीन घेऊन बसायची, त्या दिवशी घोड्याला दुपारचं पाणी दाखवायचं काम तिने त्याच्यावर सोपवलं होतं. त्याची एक शेळी होती, आणि ती शेळी अलीकडे गुबगुबीत झाली होती. कानांगने कुंपणावरून तिला बराच वेळ न्याहाळलं.

"वहिनी, शेळीचंही माप घ्यायचं काय?" सिजाने गुळाच्या कढईमागून विचारलं.

"घेईन. वेळ आली की घेईन," ती म्हणाली.

तो हसला. पूर्वी त्याच्या हसण्यावर ती हसली असती.

एके दिवशी तोम्पो न सांगता आला. घोड्याभोवती त्याने फेरी मारली, पण थाप दिली नाही. बरगड्यांवरून बोटं फिरवली, एकेक बरगडी मोजत गेल्यासारखी, आणि जिन्याखाली उभा राहून हाक मारली. या वेळीही आळीला ऐकू जाईल असा आवाज होता.

"विहीणबाई! माझा कोंडा कुणाच्या पोटात जातोय?"

"घोड्याच्याच."

"मग घोडा कुणाच्या पोटात जातोय?"

शेजारच्या घराची खिडकी उघडली. कानांग जिना उतरून खाली आली.

"तुम्ही आणलात तेव्हाच तो दोनशे नव्हता. मी मोजला होता, सगळ्यांसमोर."

"हां, तुमची टेप!" तोम्पोने मान हलवली. "ठीक. माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही ना? मग तुमच्या टेपेनंच होऊ द्या. लग्नाआधीच्या शुक्रवारी, नमाज झाल्यावर, इमामांना बोलवू. जुमरिया गणित करील. दोनशे पंधराच्या पुढे गेला तर मी दोनशे वीस धरीन, एवढा मी दिलदार आहे. नाही गेला, तर उपासाच्या महिन्याआधी लग्न नाही. अर्ध्या रिकाम्या ताटाची पंगत मी माझ्या पाहुण्यांना घालणार नाही."

"दुसरा घोडा—"

"दिलेलं जनावर आमच्या घरात बदलत नाहीत. माझ्या बापाने कधी बदललं नाही." तो चपलेत पाय घालता घालता थांबला. "आणि विहीणबाई, लग्न का लांबलं हे लोक विचारतील. मी काही बोलणार नाही. पण लोकांना डोळे असतात."

तो गेल्यावर ती घराखाली तशीच उभी राहिली. मग डोक्यावर ओढणी घेऊन थेट सिजाच्या ताडांकडे गेली. तो झाडावर होता. खाली गूळ न्यायला आलेल्या बायका बसल्या होत्या. तिने त्यांची पर्वा केली नाही.

"खाली या!"

"रस सांडेल, वहिनी. आलोच."

"भावाचं घर लुटताना नाही सांडला तो? घोड्याचा कोंडा शेळीला घालताय, की दुपारी कुठे जुंपताय त्याला? मी बाजारातून आले की घोड्याच्या पायांना चिखल असतो. मला काय डोळे नाहीत?"

चिखलाचं तिला बोलता बोलताच आठवलं होतं. खुरांवर वाळलेला, पांढरट, मिठागराकडचा चिखल. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सिजा झाडाच्या अर्ध्यावर थांबला. वरून त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दूर, किनाऱ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्याने लावलेला वेळ तिला कबुलीसारखाच वाटला.

"हो," तो म्हणाला. "मीठ वाहिलं त्याच्यावर. मिठागरवाल्या कासिमच्या गाडीला जुंपला होता."

"लाज नाही वाटली?"

"चुकलं, वहिनी."

ती परत आली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. चोर सापडला होता, तोंडाने कबूल झाला होता, चार बायकांनी ऐकलं होतं. संध्याकाळी तिने घोड्याचं अंग कोरड्या काथ्याने घासलं. मान घासली, खांदे घासले, आणि तिचा हात थांबला. नवऱ्याच्या टांग्याला घोडा होता तेव्हा कितीही मऊ पट्टा लावला तरी खांद्याला घट्टा पडायचाच. केस झिजून टिकलीएवढी कातडी दिसायची. मिठाची गाडी तर टांग्याहून जड. या घोड्याचे खांदे सलग, केसाळ, गुळगुळीत होते. त्याला कधी कुणी गाडीला जुंपलंच नव्हतं.

मग सिजा खोटं का बोलला? एक चोरी झाकायला माणूस दुसरी कबूल करतो, ते पहिली मोठी असेल तरच. त्या रात्री जेवताना कानांगने सिजाने जुमरियासाठी पाठवलेला गुळाचा तुकडा बाजूला सारला.

"काकाचं काही खायचं नाही," ती म्हणाली.

जुमरियाने तुकड्याकडे पाहिलं. "का?"

"तुला माहीत नाही? सगळ्या गावाला माहीत आहे."

जुमरियाने घास गिळला आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी कानांग लग्नाच्या सारोंगची किनार बेतायला बसली. तांबड्या रेशमावर सोनेरी धागा. साहरुलच्या घरून आलेलं कापड. जुमरियाला खिडकीजवळ उजेडात उभं केलं, कापड गुंडाळलं, आणि तोंडात टाचण्या धरून ती घोट्याशी बसली. किनार किती वर घ्यायची ते पाहायला तिने कापड पोटरीपर्यंत उचललं.

पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला कातडी लाल झाली होती. वरपर्यंत. काही ठिकाणी खपली धरली होती, काही ठिकाणी ताजी होती. असे वळ कानांगला ओळखीचे होते. मुलगी लहान असताना बापाच्या मागे लागून टांग्याच्या उघड्या घोड्यावर बसायची, आणि मग रात्री तेल लावून घ्यायला आईकडे यायची.

तिने तोंडातली एक टाचणी काढली आणि किनारीला लावली. दुसरी लावली. वर पाहिलं नाही.

"घोट्याच्या खाली दोन बोटं ठेवते," ती म्हणाली.

"ठेव," जुमरिया म्हणाली.

शनिवारी तिने बाजारात मशीन मांडली, आणि ऊन चढल्यावर शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून निघाली. घराखालचा खांब रिकामा होता. घमेलं चाटून पुसून स्वच्छ झालेलं. ती मिठागरांच्या बांधावरून किनाऱ्याकडे चालत गेली. मिठागरात त्या वेळी कुणी नसतं; उन्हात पाणी डोळे दिपवतं.

आधी तिला घोडा दिसला नाही, आवाज आला. ओल्या वाळूवर खुरांचा, एकामागून एक, जवळ येत जाणारा. मग ओहोटीच्या कडेने तो आला. पाठीवर खोगीर नाही, गळ्यात नुसता दोर, आणि त्याच्या मानेवर ओणवी झालेली जुमरिया. सारोंग गुडघ्यांवर खोचलेला, केस सुटलेले. ती त्याला काहीतरी ओरडून सांगत होती. शब्द कळत नव्हते. आवाज असा होता की कानांगला क्षणभर वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची मुलगी आहे.

जुमरियाने आईला पाहिलं तेव्हा घोडा पुढे निघून गेला होता. तिने त्याला वळवलं, हळू चालवत आणला आणि उतरली. घोड्याच्या बगलांतून घामाचा फेस गळत होता.

"रोज?" कानांगने विचारलं.

"तू बाजारात असतेस तेव्हा. आणि तू शिवायला बाहेर जातेस तेव्हा."

"काकावर आळ आला तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं?"

"मी गेले होते त्याच्याकडे. तो म्हणाला, आता बोललीस तर मला खोटारडा ठरवशील. राहू दे."

"घोडा भरला नाही तर काय होईल ते ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे," जुमरिया म्हणाली. "लग्न होणार नाही."

लाटेचं पाणी घोड्याच्या खुरांपर्यंत आलं आणि परत गेलं. कानांगला ओरडायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुला विचारलं होतं मी. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा नाही म्हणायचं होतं."

"तू विचारलंस की तांबडं कापड हवं की हिरवं, अम्मा."

कानांगने तिच्या हातातून दोर ओढून घेतला. "उद्यापासून हे बंद," ती म्हणाली आणि घोड्याला घेऊन पुढे चालू लागली. मागे मुलगी येतेय की नाही हे तिने वळून पाहिलं नाही. येत होती, ओल्या वाळूत पावलं ऐकू येत होती.

संध्याकाळी ती कुंपण ओलांडून सिजाकडे गेली. तो कढईत रस ढवळत होता. ती बसली नाही.

"खोटं का बोललात, भावजी?"

"खरं बोललो असतो तर तुम्ही पोरीला झोडली असती. चार बायकांसमोर."

"कधीपासून माहीत होतं?"

"झाडावरून सगळं दिसतं, वहिनी. पहिल्या दिवशी मी ओरडायलाच उतरलो होतो." त्याने कालथा कढईच्या काठावर आपटून गूळ झटकला. "किनाऱ्यापर्यंत गेलो. मग नाही ओरडलो."

"का?"

त्याने कढईखाली एक झावळी सरकवली. मग म्हणाला, "दादा गेल्यापासून तिचा तसला आवाज ऐकला नव्हता."

"म्हणून माझी अब्रू घालवायची?"

"माझीच घालवली की. तुमची कुठे?"

माफी मागायला ती आली होती, हे परत येताना तिच्या लक्षात आलं. मागायची राहूनच गेली.

त्यानंतर घोडा भरू लागला. कानांग बाजारात जाईना; शिवणकाम घरीच करी आणि दर थोड्या वेळाने जमिनीच्या फटीतून खाली पाही. जुमरियावर तिचा डोळा होता, पण डोळा ठेवण्यासारखं काही मुलगी करत नव्हती. सांगितलेलं काम करायची. ब्लाउजवर टिकल्या टाचायची. हाक मारली की यायची, घोड्यापाशी मात्र जायची नाही. त्याने खालून फुरफुरून हाक दिली तरी सुई थांबायची नाही. पहिले काही दिवस कानांगला यातही डाव दिसला. मुलगी कोंड्यात काही मिसळत तर नाही? दोर कुरतडून तर ठेवत नाही? तिने दोर तपासला. दोर धड होता.

लग्नाआधीच्या गुरुवारी दुपारी तिने टेप लावली. एकशे सेहेचाळीस. बरगड्या मांसाखाली बुजल्या होत्या, पुठ्ठ्याला चमक आली होती. ती वर आली.

"एकशे सेहेचाळीस आणि एकशे एकवीस. किती होतात?"

जुमरियाने सुईत दोरा ओवता ओवता डोळे मिटले, ओठ हलवले. लहानपणी बापासमोर करायची तशीच.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. मग, तशाच आवाजात, "पुरेत ना, अम्मा?"

"पुरेत," कानांग म्हणाली.

जुमरियाने मान हलवली आणि पुढची टिकली उचलली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर माणसं आली. मशिदीचे इमाम आले, भावकीतले दोघे-तिघे म्हातारे आले, तोम्पो नवी टोपी घालून आला. मागे साहरुल. सिजा कुंपणापाशीच उभा राहिला. त्या दिवसानंतर लोकांनी त्याला बोलावणं सोडलं होतं. जुमरियाने सगळ्यांना कॉफी दिली.

तोम्पोने घोड्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. फेरी मारली. थाप दिली.

"आता कसा! डोळ्याला विचाराल तर दोनशे वीसच्या खाली नाही." मग कॉफीचा पेला घेताना त्याची नजर जुमरियावर फिरली, वरून खाली, आणि परत. "घोडा भरला आणि नवरी वाळली! मळ्यावर असं चालायचं नाही बरं का. तिकडे बाईलाही फळांची पोती उचलावी लागतात." त्याने तिचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. "पण हाड चांगलं आहे. खाऊ घातलं की भरेल."

माणसं हसली. साहरुलही थोडा हसला. जुमरियाने मनगट सोडवून घेतलं नाही. तोम्पोने सोडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

कानांग टेप घेऊन खाली वाकली होती. ती घोड्याच्या पोटाखालून मुलीचे पाय पाहत होती.

तिने टेप छातीभोवती फिरवली. शून्याचं टोक डाव्या हाताच्या करंगळीखाली दाबलं. उजव्या हाताने दुसरी बाजू ओढून आणली, ताणली, आणि दोन्ही बाजू भेटायच्या आधीच थांबली. मधे जेवढी जागा उरली तेवढी तिच्या सपाट तळहाताखाली झाकली गेली होती. घोड्याचे ठोके तळहाताला लागत होते. इमाम चष्मा पुसून वाकले आणि बोटांच्या कडेला दिसणारा आकडा वाचू लागले.

"एकशे चाळीस," ती म्हणाली.

"एकशे चाळीस," इमाम म्हणाले. "बरोबर."

"काय?" तोम्पोने पेला खाली ठेवला. "अहो, डोळ्याला दिसतंय की भरलाय!"

"डोळ्याला तो पहिल्या दिवशीही दिसला होता," कानांग म्हणाली. "टेप तुम्हीच ठरवलीत, दाएंग."

जुमरियाला कुणी गुणाकार विचारलाच नाही. एकशे चाळीसचं उत्तर सगळ्या आळीला पाठ होतं.

तोम्पोने घोड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो जवळ आला. त्याचे डोळे बारीक झाले होते, बाजारात दात घासून वय लपवलेला घोडा पाहताना होतात तसे.

"तुम्ही नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणीतरी धरा टेप. मी नाही, माझ्या घरचाही नाही, उद्या म्हणाल मी ढिली सोडली." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याचं बोट कुंपणाकडे वळलं. "तो. सिजा. तुमच्या तोंडावर चोर म्हटलंय ना बाईंनी? मग तुम्ही त्यांची बाजू घ्यायचे नाही. या, धरा."

सिजा कुंपण ओलांडून आला. कानांगने टेप त्याच्या हातात दिली. दोघांची नजर भेटली.

तो घोड्याच्या कुशीला गुडघा टेकून बसला. ताडाच्या खोडांनी जाड झालेला त्याचा तळहात रुंद होता, फळीसारखा. त्याने टेप फिरवली, ओढली, घोडा श्वास सोडेपर्यंत थांबला, आणि तो हात घोड्याच्या छातीवर पसरून ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. इमाम पुन्हा वाकले.

"वाचा," तोम्पो म्हणाला.

"एकशे अडतीस," दाएंग सिजा म्हणाला.